मंडळीत कोण बसतं?

'दोन दगडांवर पाय ठेवू नये.' चर्चच्या उपासनेला नेमाने जाणाऱ्या, पण बाप्तिस्मा न घेतलेल्या माणसाला हे दोन्हीकडून ऐकावं लागतं. घरचे म्हणतात, हा बाटला. चर्चमधले म्हणतात, हा अजून बाहेरचाच. एरवी न जुळणारे हे दोन पक्ष एका गृहीतावर मात्र एक होतात : आपलेपणाची सुरुवात बाप्तिस्म्याच्या पाण्यातूनच होते.

बुलढाणा जिल्ह्यात यावर सैलानीचं नाव पटकन ओठांवर येतं. पिंपळगाव सराईजवळच्या त्या दर्ग्यापाशी नारळांची होळी पेटते, हिंदू-मुसलमान दोघेही येतात. पण हा दाखला इथे पुरत नाही. दर्ग्याला सभासदांची वही नसते, चर्चला असते. नवस फेडून घरी परतणं वेगळं आणि दर रविवारी त्याच बाकावर बसणं वेगळं. तेव्हा उत्तर चर्चच्याच घरातून काढायला हवं.

ते तिथे आहे. वऱ्हाडात खामगाव, मलकापूर, बुलढाणा या भागात ज्या अलायन्स मिशनने काम केलं, त्या परंपरेत तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करता आला, तरच माणूस पाण्यात उतरतो. म्हणजे पाळकाचं स्वतःचं मूलही कित्येक वर्षं बाप्तिस्म्याविनाच उपासनेत बसतं, गीतं म्हणतं. त्याला कुणी बाहेरचं म्हणत नाही. मग अडचण पाण्याची नाही, घराण्याची आहे.

'मूल वाटेवर असतं, हा माणूस वाटेतच बसलाय,' असं यावर म्हणता येईल. पण वाट किती लांब असावी, हे कुणी ठरवायचं? सम्राट कॉन्स्टंटाइनने 325 साली निकेआची धर्मपरिषद भरवली, तेव्हा त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. तो झाला 337 मध्ये, मृत्युशय्येवर. मिलानच्या लोकांनी 374 साली अँब्रोझला बिशप निवडलं, तेही बाप्तिस्म्याआधीच.

आपल्याकडे ना. वा. टिळकांनी हाच प्रश्न उघडपणे मांडला. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोन्ही ख्रिस्तभक्त एकत्र बसावेत, ही कल्पना होती. 'तो टिकला कुठे?' असं विचारतात. टिळक 1919 च्या मे महिन्यात गेले. मांडणारा दोन वर्षांत गेला, एवढ्याने मांडणी खोटी ठरत नाही.

खरा आक्षेप वेगळाच आहे, दुटप्पीपणाचा. बाप्तिस्मा घेऊन चर्चला जाणाऱ्या एका महिलेने हिंदू म्हणून अनुसूचित जातीचा दाखला मागितला. 26 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. कचेरीत एक आणि देवळात दुसरं बोलण्याचं समर्थन मीही करणार नाही. पण आपला माणूस तर बाप्तिस्मा झालेला नाही, हे दोन्हीकडे सारखंच सांगतो. लपवतो तो दुटप्पी. हा काहीच लपवत नाही.

प्रभुभोजन कुणाला द्यावं, मत कुणाला असावं, हे मंडळीने जरूर ठरवावं. ती वहीची बाब आहे. पण मराठी ख्रिस्ती माणसाने आपल्या चर्चसाठी 'मंडळी' हा जो शब्द घेतला, तो वहीतला नाही, ओसरीवरचा आहे. 'या मंडळी, बसा' म्हणणारा यजमान आधी नावं तपासत नाही.