निवडलेले की नेमलेले?

कै. गणेश श्रीकृष्ण ऊर्फ दादासाहेब खापर्डे यांचे नाव निघाले की लोकमान्यांचे स्नेही, हजरजबाबी वक्ते आणि शिर्डीच्या रोजनिशीचे लेखक एवढेच बहुतेकांस आठवते. त्यांच्या सार्वजनिक आयुष्यातील एक कायद्याचा पेच मात्र सहसा कोणी सांगत नाही. त्याचे मूळ शोधावयाचे तर अमरावती सोडून वाशीमच्या वाटेने दक्षिणेस हिंगोलीपर्यंत गेले पाहिजे.

हिंगोलीस कंटिंजंट फौजेची छावणी होती. फौज निजामाची म्हणावयाची, अधिकारी इंग्रज आणि खर्च निजामाच्या माथी! तो खर्च थकला म्हणून १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झाले. १९०२ मध्ये सालीना २५ लक्ष रुपयांवर त्याचा कायमचा पट्टा झाला. स्वामित्व मात्र कागदोपत्री निजामाचेच राहिले. पुढल्याच वर्षी ती फौज हिंदी सैन्यात विरून गेली. १९०५ साली वाशीम जिल्हाही मोडला. वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोल्यास आणि पुसद यवतमाळास जोडले गेले. (जिल्हा पुन्हा उभा राहावयास १९९८ साल उजाडले.) ज्या फौजेपायी मुलूख गेला ती उरली नाही, पट्टा तेवढा उरला.

अशा या मुलखात खापर्डे वकील झाले. १८८४ साली त्यांनी कायद्याची पदवी घेतली, काही वर्षे सरकारी नोकरी केली आणि १८९० पासून अमरावतीस वकिली मांडली. ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदा वऱ्हाडास आपोआप लागत नसे; तो जाहीरनाम्याने लावावा लागे. १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते. १९०८ साली टिळकांना शिक्षा झाल्यावर त्यांची बाजू मांडण्यासाठी ते विलायतेस गेले.

पुढे माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा आल्या. १९२० साली खापर्डे वऱ्हाडातर्फे कौन्सिल ऑफ स्टेटचे सभासद झाले. परंतु वऱ्हाड हा ब्रिटिश मुलूख नव्हे! म्हणून मतदारांनी निवडावयाचे आणि मग सरकारने त्याच गृहस्थास ‘नेमावयाचे’, अशी तोड काढण्यात आली. ज्यांनी उमेदीची वर्षे सरकारशी झगडण्यात घालविली, त्यांची गणना सरकारनियुक्तांत व्हावी! बापूजी अणे मध्यवर्ती विधिसभेत गेले तेव्हा त्यांचीही तीच गत झाली. ही नुसती शब्दांची कसरत होती असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. मत दिलेल्या माणसास त्याचे मत पुरेसे नाही असे सरकारी कागदाने सांगणे, हा त्या मतदाराचाच उपमर्द होता.

१९३५ च्या कायद्याने वऱ्हाड व मध्यप्रांत मिळून एक प्रांत मानला गेला आणि १९३७ च्या निवडणुकीत प्रांतिक विधिसभेपुरता हा पेच सुटला. खापर्डे १ जुलै १९३८ रोजी वारले.