बंद पडलेल्या स्टेशनाचा पत्ता

ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर म्हटलं की लोकांना रावळपिंडीचा तुरुंग फोडणारा माणूस आठवतो. त्याआधी ते सुखोई-७ चालवत होते, खाली झेपावून रणगाडे, तोफा आणि रस्त्यावरच्या लष्करी गाड्यांवर मारा करत होते, हे मागे पडतं. खरं तर पलायनातला त्यांचा हट्ट याच कामात आधी दिसतो.

या हकिगतीला आधार बरेच आहेत. परुळकरांना मिळालेल्या पदकांची नोंद आहे. त्याच छावणीतले सहकैदी स्क्वाड्रन लीडर धीरेंद्र जाफा यांच्या आठवणी आहेत. सुटून आलेल्या वैमानिकांशी बोलून फेथ जॉन्स्टन यांनी लिहिलेलं २०१३चं पुस्तकही आहे. आठवणी उशिरा लिहिल्या गेल्या, त्यामुळे त्यांतले संवाद मी बाजूला ठेवले आहेत. ज्यांचा ताळा लागतो, तेवढ्याच घटना इथे घेतल्या आहेत.

पहिली ठाम नोंद १९६५च्या युद्धाची. विमानाला शत्रूचा मारा लागला आणि परुळकरांचा उजवा हात जखमी झाला. तुकडीप्रमुखाने विमान सोडून उडी मारण्याचा सल्ला दिला. त्यांनी तो मानला नाही, जखमी हाताने विमान तळावर आणून उतरवलं. त्यासाठी त्यांना वायुसेना पदक मिळालं.

१९७१मध्ये वायुसेनेकडे सुखोई-७च्या सहा स्क्वाड्रन होत्या. विमान दणकट, मार खाऊनही परत येणारं. पण इंजिन एकच आणि तेही इंधन भराभर पिणारं. ३० मिलिमीटरच्या दोन तोफांना गोळे मोजकेच. एवढा दारूगोळा वाया जाऊ द्यायचा नसेल, तर वैमानिकाला लक्ष्याच्या जवळ जावंच लागे, आणि जवळ गेलं की जमिनीवरची प्रत्येक विमानवेधी तोफ त्याच्यावर रोखलेली असे. १० डिसेंबरला जफरवाल भागात परुळकरांचं विमान पडलं आणि ते पकडले गेले. युद्धबंदी अवघ्या आठवड्यावर होती.

रावळपिंडीच्या छावणीत भारतीय वायुसेनेचे बारा वैमानिक होते. २ जुलै १९७२ रोजी सिमला करार झाला, मग पळायची घाई कशाला, असा प्रश्न वाचकाला पडेल. पण त्या कराराने युद्धकैद्यांच्या सुटकेचा निर्णय पुढे ढकलला होता. भारताच्या ताब्यात सुमारे ९३ हजार पाकिस्तानी कैदी होते. त्या सौद्यात या बारा जणांचा नंबर कधी लागणार, हे कोणी सांगू शकत नव्हतं.

साधनांची जुळवाजुळव वाचताना गंमत वाटते. जिनिव्हा करारानुसार मेजरपेक्षा खालच्या हुद्द्याच्या कैदी अधिकाऱ्याला महिना ५० स्विस फ्रँक आगाऊ भत्ता मिळतो. तो साठवून प्रवासाचे पैसे उभे राहिले. उड्डाणाच्या जी-सूटमधल्या रबरी पिशव्या पाण्यासाठी आल्या. भिंत दीडेक फूट जाड होती. विटा एकेक करून काढल्या आणि बाहेरचा गिलावा शेवटपर्यंत तसाच ठेवला. १९७२च्या १२ ऑगस्टची रात्र उलटताना परुळकर, मलविंदर सिंग गरेवाल आणि हरीश सिंहजी त्या भोकातून बाहेर पडले. भारताच्या बाजूला सैन्य आणि सुरुंग होते, म्हणून त्यांनी उलटी दिशा धरली. बसने पेशावर, पुढे जमरूद, मग खैबर खिंडीतलं लंडी कोतल. परुळकरांचं नाव आता 'फिलिप पीटर' होतं, पाकिस्तानी हवाई दलातला ख्रिस्ती कर्मचारी.

घात केला तो नकाशाने. त्यांच्याजवळच्या शालेय ॲटलासमध्ये लंडी कोतलच्या पुढे, अफगाण सरहद्दीजवळ, लंडी खाना हे स्टेशन दाखवलेलं होतं. तिथवर रेल्वे गेली होती हे खरं; १९२६ साली तो टप्पा सुरू झाला. पण १५ डिसेंबर १९३२ रोजी तो बंदही झाला. चाळीस वर्षं जिथे गाडी जात नव्हती, त्या ठिकाणाची चौकशी हे तीन अनोळखी तरुण बाजारात करत होते. त्या दिवसांत पश्चिम पाकिस्तानात अडकलेले बंगाली याच वाटेने अफगाणिस्तानात निसटत. तहसील कचेरीच्या माणसाला हे तिघे तसलेच वाटले. सरहद्द चार मैलांवर राहिली.

पकडल्यावरही परुळकरांनी डोकं चालवलं. छावणीचे आधीचे प्रमुख स्क्वाड्रन लीडर उस्मान आता पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांचे एडीसी होते. त्यांना फोन लावा, ते आम्हाला ओळखतात, असा आग्रह त्यांनी धरला. फोन लागला, उस्मान यांना प्रकार उमगला आणि तिघे आदिवासी भागाच्या प्रशासनाकडून हवाई दलाच्या हाती गेले. माझ्या मते जीव वाचवणारी चाल हीच. भिंत फोडण्यापेक्षा तिला जास्त समयसूचकता लागली. कायदा त्यांच्या बाजूने होता: पळताना पकडलेल्या कैद्याला फक्त शिस्तभंगाची शिक्षा देता येते, तीही तीस दिवसांपेक्षा जास्त नाही. पण कायदा कागदावर असतोच. मार्च १९४४मध्ये जर्मनांच्या सागान छावणीतून ७६ वैमानिक निसटले होते. पकडलेल्यांपैकी ५० जणांना गोळ्या घातल्या गेल्या.

१ डिसेंबर १९७२ रोजी परुळकर वाघा ओलांडून परत आले. ऑगस्ट २०२५मध्ये त्यांचं निधन झालं.

सुखोई-७ चालवणारे आणखी एक मराठी वैमानिक, फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे, ५ डिसेंबर १९७१च्या मोहिमेवरून परतले नाहीत. पकडलेल्या भारतीय वैमानिकांच्या नावांत 'टॉम्बे' असं एक नाव पाकिस्तानी वृत्तपत्रात छापून आलं, आणि त्यांच्या पत्नी, राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या दमयंती तांबे, यांच्या शोधाचा मोठा आधार ती ओळच राहिली. बेपत्ता सैनिकांची नातेवाईक मंडळी १९८३ आणि २००७ साली पाकिस्तानातले तुरुंग पाहून आली. आपल्याकडे असा कोणी कैदी नाही, ही पाकिस्तानची अधिकृत भूमिका कायम आहे, आणि भारत सरकारच्या ५४ बेपत्तांच्या यादीत तांबे यांचं नाव आहे.