‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा, पेट्रोलचा वास : डबा बदलण्याआधी झाकण, पाईप, वायर तपासा

गाडी नीट चालते, ॲव्हरेजही फारसे पडलेले नाही, पण मीटरमध्ये इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा काही विझत नाही. गॅरेजात स्कॅनर लावला की ‘इव्हॅप’चा कोड येतो आणि लगेच ‘कॅनिस्टर बदलावा लागेल’ असे ऐकायला मिळते. खर्च काही हजारांत जातो. पण हा बिघाड पुष्कळदा एखाद्या सुटलेल्या पाईपात नाहीतर कुरतडलेल्या वायरीत असतो. डब्यापर्यंत जायची वेळ शेवटी यायला हवी.

ही सिस्टीम पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीतच असते, डिझेल गाडीत नाही. सीएनजी गाडीला पेट्रोलची टाकी असतेच, म्हणून तिथेही ती सापडते. काम तसे सोपे आहे. उन्हात टाकीतल्या पेट्रोलची वाफ होते. ती हवेत न सोडता पाईपने कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये नेतात. कोळसा ती वाफ धरून ठेवतो. इंजिन गरम झाले की पर्ज वॉल्व्ह नावाचा छोटा विजेवर चालणारा वॉल्व्ह उघडतो आणि इंजिन आपल्या ओढीने ती वाफ खेचून जाळून टाकते. डब्याला बाहेरची हवा घ्यायला एक तोंड असते. वॉल्व्हला करंट नसताना तो बंद असायला हवा, एवढे ध्यानात ठेवले की निम्मे निदान झाले.

मोबाईलवर याचे व्हिडिओ भरपूर आहेत, पण त्यातले बरेच अमेरिकेतल्या गाड्यांचे. तिथे १९९६ पासूनच्या गाड्या टाकी-पाईपातली बारीक गळतीसुद्धा स्वतः तपासतात, त्यामुळे ‘झाकण घट्ट करा, दिवा जाईल’ हा सल्ला तिथे लागू पडतो. आपल्याकडचे नियम युरोपच्या धर्तीवर आहेत. इथल्या पुष्कळ गाड्यांत कॉम्प्युटर मुख्यतः पर्ज वॉल्व्हच्या वायरिंगवर लक्ष ठेवतो. म्हणून झाकण जरूर बघावे, त्याची रबरी रिंग चिरली असेल तर बदलावी, पण तेवढ्यावर थांबू नये.

कोड कोणता, हे गॅरेजवाल्याला विचारून लिहून घ्यावे. पी ०४४३, ०४४४, ०४४५, ०४५८ किंवा ०४५९ असेल तर संशय वॉल्व्हची कॉइल, प्लग किंवा वायर यांवर. पी ०४४१ म्हणजे वाफेचा प्रवाह चुकतोय, वॉल्व्ह अडकलाय किंवा पाईप तुंबलाय. पी ०४४२, ०४५५, ०४५६ हे गळतीचे, आणि ०४५७ बहुधा झाकणाचा. कोड फक्त दिशा सांगतो. कोणता पार्ट गेला ते तो सांगत नाही.

गावाकडे पहिला संशय उंदरावर घ्यावा. गाडी गोठ्याजवळ, कडब्याच्या गंजीजवळ उभी राहिली की उंदीर बॉनेटखाली शिरतात आणि बारीक वायर, रबरी पाईप कुरतडतात. बॉनेट उघडून इंजिनावरच्या पर्ज वॉल्व्हचा प्लग हलवून बघा, वायर बोटाने चाचपत जा. पाईपाची टोके कडक होऊन चिरलेली असतात, तीही वाकवून बघा. सीएनजी किट बसवताना किंवा एअर फिल्टर बदलताना पाईप निसटून तसाच राहिला, असेही होते.

वॉल्व्ह तपासायला मशीन लागत नाही. थंड इंजिन सुरू करून आयडलवर ठेवा. हात, बाही फिरत्या पट्ट्यापासून आणि पंख्यापासून लांब ठेवून डब्याकडून येणारा पाईप वॉल्व्हवरून काढा आणि वॉल्व्हच्या तोंडावर बोट ठेवा. बोट खेचले गेले तर वॉल्व्ह उघडा अडकलाय. याची दुसरी खूण म्हणजे पंपावर पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी सुरू व्हायला त्रास देते, आयडलला थरथरते. वॉल्व्ह काढून मल्टिमीटर लावला आणि आकडाच आला नाही, तर कॉइल तुटली. बारा व्होल्ट दिल्यावर ‘टक’ आवाज यायला हवा, पण ही तपासणी वाफेपासून लांब, वॉल्व्ह बाहेर काढूनच करावी. तोंडाने ओढून बघू नये, ती पेट्रोलची वाफ आहे.

डबा खराब होतो तो बहुतेक आपल्याच हाताने. पंपाचा नोझल ‘कट’ झाल्यावरही गोल आकडा करायला पेट्रोल ओतत राहिले, की काही गाड्यांत ते डब्यात शिरून कोळसा भिजतो. डबा हलवल्यावर पेट्रोल डुचमळले किंवा पाईपातून कोळशाची भुकटी निघाली, तर मात्र बदलण्याला पर्याय नाही. डब्याचे हवेचे तोंड चिखलाने बुजलेय का तेही बघावे. अमेरिकेत २०११ मध्ये माझदा कंपनीला हजारो गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या, कारण काय तर या तोंडाच्या पाईपात कोळी जाळे विणत होते!

गळती शोधायला शहरात धुराचे मशीन वापरतात, त्याचा दाब अगदी नाममात्र असतो. त्याऐवजी पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा टाकीत कधीही सोडू नये. टाकी फुगून फाटू शकते आणि आत पेट्रोल आहे. उभ्या गाडीला पेट्रोलचा उग्र वास येत असेल किंवा खाली थेंब दिसत असतील, तर गाडी चालवू नका, जवळ विडी-काडी नको, मेकॅनिकलाच बोलवा. वास नसेल आणि दिवा स्थिर असेल तर तालुक्याला जाईपर्यंत हरकत नाही. दिवा लुकलुकत असेल तर तो बहुधा मिसफायरचा, इव्हॅपचा नाही. तेव्हा गाडी रेटू नये.

पीयूसी मिळाली म्हणजे हा बिघाड नाही असे समजू नका. ती तपासणी सायलेन्सरच्या धुराची असते, टाकीच्या वाफेची नाही.

दुरुस्तीनंतर स्कॅनरने कोड पुसता येतो. न पुसल्यास सलग तीनेक फेऱ्यांत बिघाड पुन्हा दिसला नाही, तर दिवा सहसा आपोआप विझतो. जुनी गाडी घेताना किल्ली ‘ऑन’ करून बघावे : हा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. किल्ली फिरवूनही तो लागतच नसेल, तर कोणीतरी दिवाच बंद करून ठेवलेला असू शकतो.