ग्वाल्हेर ते पुणे-मुंबई : अंतर व प्रवासकाळ

ग्वाल्हेर व लष्कर परिसरातील मराठी कुटुंबांचे आप्तेष्ट व कुलदैवते बहुतांशी दक्षिणेकडे आहेत. कोणाला कुलधर्मासाठी जेजुरी वा जोतिबास जावे लागते, तर कोणास आजारी वडीलधाऱ्यांचा अकस्मात निरोप येतो. अशा वेळी अंतर व लागणारा काळ यांची वारंवार विचारणा होते. म्हणून ही माहिती येथे एकत्र देत आहोत.

आकाशमार्गे सरळ रेषेत ग्वाल्हेरहून मुंबई व पुणे ही दोन्ही शहरे जवळजवळ सारख्याच, म्हणजे सुमारे ९६५ किलोमीटर अंतरावर आहेत. आग्रा-मुंबई महामार्गाने शिवपुरी, गुणा, इंदूर, धुळे, नाशिक असे मुंबईस जाताना हेच अंतर हजार किलोमीटरच्या वर जाते. लोहमार्ग भोपाळ, इटारसी, भुसावळ असा वळसा घेतो. त्यामुळे मुंबई सुमारे १,२२५, तर दौंडमार्गे पुणे सुमारे १,२७५ किलोमीटर पडते. मुंबईसाठी पंजाब मेल व पुण्यासाठी झेलम एक्सप्रेस या जुन्या परिचयाच्या गाड्या असून प्रवासास साधारण वीस ते बावीस तास लागतात.

थेट विमानास आकाशात पावणेदोन ते दोन तास पुरतात. तथापि खरा हिशेब घरापासून घरापर्यंतचा धरावा. महाराजपुरा येथील विमानतळावर दोन तास आधी पोहोचणे, सामान घेणे व पुढे शहरात जाणे धरून सहा-सात तास सहज होतात. दिल्लीस विमान बदलावे लागल्यास त्यात आणखी भर पडते. पुण्याहून जेजुरी सुमारे ५० किलोमीटर आहे; जोतिबासाठी मात्र कोल्हापूरपर्यंतचे सुमारे २३० किलोमीटर वेगळे धरावेत.

हा विमानमार्ग नवा नाही. १९३७ साली टाटा कंपनीने सुरू केलेली मुंबई-दिल्ली हवाई सेवा इंदूर, भोपाळ व ग्वाल्हेर येथे थांबत असे. येथील विमानतळाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी झाले.

त्यापूर्वीच्या काळी हेच अंतर फार मोठे होते. दिवसाला २५ किलोमीटर चाल धरली, तरी दीड महिना लागे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेत निघाले. त्या प्रवासाचे त्यांनी लिहिलेले वर्णन ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ साली प्रसिद्ध झाले. १७९२ साली पुण्यास गेलेले महादजी शिंदे तर ग्वाल्हेरीस परतलेच नाहीत. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडी येथे त्यांचे देहावसान झाले.

भाविकांनी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात. डिसेंबर-जानेवारीत दाट धुक्यामुळे विमाने व गाड्या दोन्हींना विलंब होतो. विधीचा मुहूर्त असल्यास एक दिवस हाताशी ठेवून निघावे. थेट विमाने रोज असतातच असे नाही व वेळापत्रक बदलत असते, म्हणून आधी खात्री करावी. निकडीच्या निरोपावर दुसऱ्या दिवशीच्या विमानाची वाट पाहण्यापेक्षा त्याच रात्रीची गाडी कधी कधी आधी पोहोचवते. वृद्धांसाठी चाकांची खुर्ची तिकीट काढतानाच सांगून ठेवावी.

वीस तासांची बैठक ज्यांना झेपत नाही, अशा वडीलधाऱ्यांना एकदा तरी कुलदैवताचे दर्शन घडावे, ही अनेक घरांची इच्छा असते. आता ते दोन तासांच्या उड्डाणात शक्य आहे, एवढेच आम्ही नम्रपणे निदर्शनास आणू इच्छितो.