छडी, सही आणि झाडू

तुरुंगाच्या नोकरवर्गाचा इतिहास लिहिणाऱ्यांना सहसा दोनच माणसे दिसतात. एक खाकीतला, दुसरा बिनखाकीचा. दोघांत कुरबुरी किती, अखेरचा शब्द कोणाचा, एवढाच त्यांचा विषय. मला त्या दोघांच्या पाठीमागे तिसरा माणूस दिसतो. त्याच्या हाती झाडू आहे आणि पगारपत्रकावर त्याचे नाव नाही.

१८९४ चा तुरुंग कायदा पाहा. तेराव्या कलमाने तुरुंगाच्या स्वच्छतेचा आणि आरोग्याचा कारभार डॉक्टरकडे दिला, पण अधीक्षकाच्या नियंत्रणाखाली. पन्नासाव्या कलमाप्रमाणे फटके मारण्यापूर्वी डॉक्टरने कैद्याला तपासायचे आणि तो शिक्षा सोसण्यास लायक असल्याचा दाखला द्यायचा. छडी एकाची, सही दुसऱ्याची. शिस्तीपायी कैद्याच्या मनाला इजा होत असेल तर लेखी कळवण्याचे कामही डॉक्टरचेच होते, हे मान्य. पण कळवायचे कोणाला? त्याच अधीक्षकाला. शिवाय दोन्ही पदे एकाच माणसाला देण्याची मुभा सहाव्या कलमात होतीच. मग सही मागणारा आणि देणारा एकच!

आता, स्वच्छता डॉक्टरकडे, संडास कोणाकडे? याचे उत्तर जेल मॅन्युअलांनी दिले. बंगालच्या मॅन्युअलात सफाईचे कैदी मेहतर, हाडी, चांडाळ अशा जातींतून निवडावेत असे होते. उत्तर प्रदेशाची नियमावली तर २०२२ ची. साध्या कैदेतल्या माणसाला हलके काम देऊ नये, मात्र असल्या कामाची सवय असलेल्या समाजातला तो असेल तर गोष्ट वेगळी, असा तिचा भाव. सवय! ही सवय कोणी लावली?

खाकी आणि बिनखाकी यांचे खरे नाते मला इथे सापडते. नोंदवहीत जात लिहिणार लेखणीवाला. ती वाचून माणसाला संडासाकडे हाकणार गणवेशवाला. एरवी त्यांचे पटो न पटो, या कामात दोघांचे हात जुळलेले. आणि जिथे कैद्याच्या जातीवर काम भागते, तिथे पगारी सफाई कामगार नेमण्याची निकड सरकारला कशी वाटावी? त्याच कायद्याच्या तेविसाव्या कलमाने तुरुंगाचा अधिकारी म्हणून नेमलेल्या कैद्याला लोकसेवक मानले. पहारा देणारा कैदी लोकसेवक झाला. मैला उचलणारा कैदी फक्त कैदीच राहिला.

पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी ही जातवार कामवाटणी घटनाबाह्य ठरवली. अस्पृश्यता नष्ट करणारे १७ वे आणि वेठबिगारीला बंदी घालणारे २३ वे कलम त्यात आधाराला होते. नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढा, तीन महिन्यांत नियम बदला, असा आदेश झाला.

रकाना खोडायला एक रेघ पुरते. संडास रोज साफ व्हावे लागतात. तेव्हा आपापल्या जिल्ह्याच्या तुरुंगात सफाई कामगारांची मंजूर पदे किती, भरलेली किती, आणि उरलेले काम कोणाच्या हातून होते, हे आपल्या कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज करून विचारावे.