तीन पेहराव, एक तसबीर

१० ऑक्टोबर १८८५. फिलाडेल्फियातल्या विमेन्स मेडिकल कॉलेजच्या तीन विद्यार्थिनी फोटोसाठी एकत्र बसल्या. डावीकडे साडीतल्या आनंदीबाई जोशी, मध्ये किमोनो घातलेल्या जपानच्या केई ओकामी आणि उजवीकडे सीरियाच्या सबात इस्लामबुली, त्याही आपल्या मुलखाच्या पोशाखात. फोटोखाली प्रत्येकीच्या नावाआधी 'डॉ.' आहे. खरं तर तोवर एकीच्याही हातात पदवी नव्हती. आनंदीबाई १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, ओकामी १८८९ मध्ये आणि इस्लामबुली १८९० मध्ये. आनंदीबाईंच्या नावापुढे कल्याण किंवा पुणे नाही, बंगालमधलं सेरामपूर आहे आणि तेही चुकीच्या स्पेलिंगने.

इंटरनेटवर हा फोटो 'पहिल्या महिला डॉक्टर' म्हणून सतत फिरतो. त्यात डोळ्यांत भरतात ते कपडे. घरापासून हजारो मैलांवर, वर्गातल्या सगळ्या मुली झगे घालून वावरत असताना, या तिघी आपापला देश अंगावर लेवून बसल्या आहेत. ही हौस नव्हती. निदान आनंदीबाईंच्या बाबतीत तरी हा दिलेला शब्द होता.

२४ फेब्रुवारी १८८३ ला सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात अठरा वर्षंही पूर्ण न झालेल्या या मुलीने भरसभेत इंग्रजीतून भाषण केलं. अमेरिकेला का जायचं, एकटीनेच का जायचं, परतल्यावर जातीने वाळीत टाकलं तर काय करणार, अशा लोकांच्या प्रश्नांना तिने एकेक करून उत्तर दिलं. आपला धर्म, खाणंपिणं, राहणी यांत काहीही बदलणार नाही, अशी ग्वाही तिने दिली. जाण्याची वाट मोकळी झाली ती या ग्वाहीमुळे. ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोट सुटली आणि ४ जूनला आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या.

ही ग्वाही पाळणं किती अवघड होतं, हे फिलाडेल्फियाच्या थंडीत कळलं. कासोटा घालून नेसलेल्या नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहतात. पुण्याच्या किंवा कोकणाच्या हवेत त्याचं काही वाटत नाही, पण बर्फात तेच लुगडं जिवावर बेतू शकतं. शिवाय पोटऱ्या दिसणं तिथे असभ्य समजलं जाई. घरी ज्या नेसण्याने बाई मर्यादशील ठरायची, त्याच नेसण्याने ती तिथे निर्लज्ज ठरत होती. आनंदीबाईंनी मधला मार्ग काढला: लुगडं सोडून गुजराती वळणाची गोल साडी. पाय झाकले गेले आणि साडीही सुटली नाही. खोलीतली शेकोटी मात्र धुमसायची. पेटवावी तर धूर कोंडायचा, विझवावी तर अंग गारठायचं. शाकाहार सांभाळायचा तर स्वतःच्या हाताने रांधावं लागे. क्षयाने त्यांना गाठलं ते याच काळात.

पुरुषांवर असं ओझं नव्हतं. विलायतेला निघालेला इकडचा पदवीधर बोटीवर कोट-पाटलोण चढवायचा. परतल्यावर जातीने डोळे वटारले, तर प्रायश्चित्त घेऊन बहुधा प्रकरण मिटवता यायचं. जपानमध्ये तर हा फरक कायद्यातच होता. १८७१ मध्ये पुरुषांना शेंडी उतरवण्याची मुभा मिळाली, आणि पुढच्याच वर्षी टोकियोत बायकांना केस कापायला बंदी आली. इवाकुरा तोमोमी हे जपानी शिष्टमंडळाचे प्रमुख अमेरिकेला पोचले तेव्हा किमोनोत होते, डोक्यावर बुचडा होता. शिकागोत त्यांनी तो कापून टाकला. त्याच शिष्टमंडळाबरोबर पाच मुली शिकायला पाठवल्या होत्या. सर्वांत धाकटी त्सुदा उमेको अवघी सहा वर्षांची होती. अकरा वर्षांनी ती परतली तेव्हा मातृभाषा जवळजवळ विसरली होती. पुढे १९०० मध्ये तिने टोकियोत मुलींची शाळा काढली.

पंडिता रमाबाईंची गोष्ट याहून गुंतागुंतीची. १८८३ मध्येच त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धर्म बदलला म्हणजे बाकीचंही बदलेल, असा तिथल्या मंडळींचा होरा होता. रमाबाईंनी साडी सोडली नाही. मांस तर नाहीच, अंडं घातलेला पदार्थही त्यांनी वर्ज्य केला. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं नकोत, संस्कृत हवीत, यासाठीही त्या भांडल्या. चेल्टनहॅमला शिकत असताना तरुण मुलग्यांना शिकवण्याचा बेत निघाला, तेव्हा हिंदुस्थानात काम करणाऱ्या बिशपांनी मोडता घातला: बाईने पुरुषांना शिकवलं, तर हिंदुस्थानात तिची किंमत कमी होईल म्हणे! रमाबाईंना हे अपमानास्पद वाटलं. त्यांनी हिंदुस्थानात पुरुषांच्या सभांपुढे व्याख्यानं दिली होती, कलकत्त्याच्या पंडितांकडून 'सरस्वती' ही पदवी मिळवली होती. घरच्या सनातन्यांनी जे बंधन घातलं नव्हतं, ते परक्या मुलखात त्यांच्याच संस्कृतीचं नाव घेऊन घातलं जात होतं. या एका प्रसंगातून रमाबाईंचा स्वभाव जितका उमगतो, तितका त्यांच्यावरच्या कितीतरी भाषणांतून उमगत नाही.

११ मार्च १८८६ ला आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम फिलाडेल्फियाला गेल्या. आनंदीबाईंचा प्रबंध हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर होता. परदेशात राहून त्यांनी विषयही घरचाच निवडला होता.

पुढचं सगळं फार लवकर संपलं. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलने आनंदीबाईंना स्त्रियांच्या विभागाची जागा देऊ केली होती, पण तिथे रुजू होण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्यांचं निधन झालं. तेव्हा त्या बाविसाव्या वर्षात होत्या. केई ओकामी टोकियोच्या जिकेई रुग्णालयात काम करू लागल्या. सम्राट मेइजी तिथे आले, पण बाई डॉक्टर म्हणून ओकामींची सेवा त्यांनी नाकारली, आणि ओकामींनी राजीनामा दिला. स्वतः सम्राट तोवर पाश्चात्त्य गणवेशात वावरत होते.

आनंदीबाईंच्या अस्थी त्यांचे पती गोपाळराव यांनी अमेरिकेत आनंदीबाईंना मुलीसारखं सांभाळणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यात पकिप्सी इथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या ठेवल्या आहेत. तिथल्या दगडावर कोरलेलं आहे की शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी ही पहिली ब्राह्मण स्त्री.