कॅल्प्रोटेक्टिन : एका प्रथिनाची नावे आणि आतड्याच्या दाहाचे मापन

एखाद्या द्रव्याच्या नामांतराचा इतिहास हा बहुधा त्यासंबंधी विचारल्या गेलेल्या प्रश्नांचा इतिहास असतो. आतड्याचा दाह ओळखण्यासाठी मलात ज्याचे प्रमाण मोजतात, ते कॅल्प्रोटेक्टिन हे प्रथिन याचे बोलके उदाहरण होय.

१९८० मध्ये ओस्लो येथे मॅग्ने फागरहोल व त्यांचे सहकारी यांनी या प्रथिनाचे वर्णन केले, तेव्हा 'पांढऱ्या पेशींतील एल१ प्रथिन' एवढीच त्याची ओळख होती. प्रश्न उगमाचा होता. १९८७ मध्ये याच प्रथिनाचे घटक निरनिराळ्या शोधकांच्या हाती लागले. कोणी त्यांस 'एमआरपी-८' व 'एमआरपी-१४' म्हटले, तर कोणी एकास 'सिस्टिक फायब्रोसिस अँटिजेन'. पुढे रचनेच्या साम्यावरून ते घटक 'एस१००' या प्रथिनकुलात गेले. हे कुलनामही १९६५ चे असून, अमोनियम सल्फेटच्या शंभर टक्के संपृक्त द्रावणात विरघळण्याच्या गुणावरून पडलेले आहे. कॅल्शियमशी बंध आणि जंतूंपासून रक्षण हे दोन गुण जोडून 'कॅल्प्रोटेक्टिन' हे नाव १९९० मध्ये पुढे आले. येथे प्रश्न कार्याचा झाला. जंतूंना आवश्यक असलेले जस्त व मँगनीज बांधून ठेवणे, हे त्या कार्याचे एक मर्म होय.

तथापि चिकित्सेत रूढ झाले ते कार्यवाचक नाव, आणि उपयोगी पडला तो मात्र उगम. हे प्रथिन न्यूट्रोफिल पेशींत विपुल असते. आतड्यास दाह झाला की त्या पेशी आतड्याच्या पोकळीत उतरतात व प्रथिन मलात येते. १९९२ मध्ये आर्ने रोसेथ प्रभृतींनी ते मलात मोजले आणि सामान्य तापमानात सात दिवसांपर्यंत टिकते असे दाखविले. तत्पूर्वी अशा मापनासाठी पांढऱ्या पेशींना किरणोत्सर्गी इंडियम लावून चार दिवसांचा मल गोळा करावा लागे. क्रोन व्याधीच्या रुग्णांत एकाच नमुन्यातील कॅल्प्रोटेक्टिन त्या मापनाशी जुळते, असे २००० मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी दाखविले. २०१३ मध्ये ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने दाहजन्य विकार व केवळ कार्यविकार यांत भेद करण्यास ही चाचणी शिफारसिली. दर ग्रॅम मलास ५० मायक्रोग्रॅम ही सीमा सामान्यतः वापरतात. त्याखालील आकड्यामुळे अनेकांची दुर्बिणीची तपासणी टळते.

परंतु आकडा वाढला म्हणजे रोगाचे नाव कळले, असे नव्हे. जंतुसंसर्ग, वेदनाशामक औषधे, मोठ्या आतड्याचा कर्करोग यांतही तो वाढतो. भारतात ही मर्यादा विशेष जाणवते, कारण आतड्याचा क्षय आणि क्रोन व्याधी या दोहोंत तो चढलेला आढळतो. क्षयाच्या रुग्णास क्रोनचा समजून दाहशामक उपचार दिल्यास अनर्थ ओढवू शकतो, म्हणून येथे दुर्बीण व ऊतींची तपासणी अटळ ठरते. या मापनाचे उत्तर 'न्यूट्रोफिल आले आहेत काय?' एवढ्याच प्रश्नास असते. ते का आले, हा प्रश्न स्वतंत्रच राहतो. या दृष्टीने पाहता, चिकित्सकाला आजही अधिक प्रामाणिकपणे मार्गदर्शन करते ते १९८० मधील साधे वर्णनच होय.